वाचकांचे प्रश्न : सूत्रकृमीला म्हातारपण कधी येतं?

गेल्या अंकात मी दोन ओळीत लिहून गेलो होतो की एक मिलिमीटरच्या सूत्रकृमीत एकच जीन बिघडवला तरी तिचं आयुष्य दुप्पट होतं, आणि काही बिघाड तर थेट तंतुकणिकेतले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातले असतात. झालं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, एकानं तर रात्री साडेदहाला फोन करून विचारलं की ती अळी मिळते कुठं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, निवडक घेतोय.

आमच्या टोमॅटोच्या प्लॉटला मुळांवर गाठी आल्यात, सूत्रकृमी म्हणतात. आम्ही ती मारायला पैसे घालवतोय आणि तुमचे शास्त्रज्ञ तिचं आयुष्य वाढवायच्या मागं लागलेत. हे काय गौडबंगाल आहे?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

दादा, तुमचा राग रास्त आहे पण माणूस चुकीचा धरलाय. तुमच्या मुळात बसलीय ती मेलॉयडोगायनी, तिची मादी मुळात शिरून फुगते, पेअरच्या फळासारखी होते आणि तिथंच बूड टेकून झाडाचा रस पिते. प्रयोगशाळेतली तिची लांबची चुलत बहीण, सी. एलिगन्स. ती झाडाच्या वाटेला जात नाही, कुजक्या फळांवर, कंपोस्टमध्ये राहते आणि बॅक्टेरिया खाते. जगभरातल्या लॅबमध्ये जी मूळ जात वापरतात ती इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या मशरूम कंपोस्टमधून आलेली आहे.

सिडनी ब्रेनर नावाच्या माणसानं १९६० च्या दशकात ती मुद्दाम निवडली. का, तर अंड्यापासून मोठी व्हायला साधारण तीन दिवस, अंगातून आरपार दिसतं, नराची गरज नाही, एकटीच ३०० च्या आसपास पिल्लं काढते, आणि जास्त झाल्या तर डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्यायच्या, वर्षांनी काढल्या तरी उठून चालायला लागतात. शरीरात पेशी मोजून ९५९, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. कुणाच्याही अंगात तेवढ्याच. आणि आपल्या विषयाला सगळ्यात सोयीचं म्हणजे २० अंश तापमानाला ती दोन-तीन आठवडे जगते. उंदराचं म्हातारपण बघायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, माणसाचं बघायचं म्हटलं तर बघणाराच म्हातारा होतो.

माझी पुतणी अशाच एका लॅबमध्ये काम करते, एकदा तिच्यासोबत दिवसभर बसलो होतो. आगरच्या छोट्या बश्या, मध्ये बॅक्टेरियाचा पांढुरका डाग, त्यावर अळ्या इंग्रजी एस काढत फिरतायत. हिच्या हातात काचेच्या कांडीला लावलेली प्लॅटिनमची केसासारखी तार, टोक ठोकून चपटं केलेलं. अंडी घालायचे दिवस चालू आहेत तोवर रोज आयांना उचलून नव्या बशीत न्यायचं, नाहीतर चार दिवसांत आई कोण आणि लेक कोण कळत नाही. मग रोजची हजेरी. एखादी पडून असेल तर तारेनं डोक्याला हळूच टोचायचं, हलली की जिवंत, तीनदा टोचून नाही हलली की वहीत फुली. काहींच्या पोटातच अंडी फुटतात आणि पिल्लं आईला आतून खातात, त्या हिशोबातून बाजूला काढायच्या. आणि हे सगळं २० अंशाच्या कपाटात, कारण तापमान वाढलं की आयुष्य घटतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवल्या तर कारभार आटोपलाच.

अशाच फुल्या मारत १९८३ मध्ये मायकेल क्लास यांना जास्त जगणाऱ्या अळ्या सापडल्या, १९८८ मध्ये टॉम जॉन्सन यांनी त्यातला एज-१ हा जीन नक्की केला, आणि १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी दाखवलं की डॅफ-२ बिघडला तर आयुष्य दुपटीच्या पुढं जातं. चार वर्षांनी कळलं की डॅफ-२ म्हणजे आपल्याकडच्या इन्सुलिन रिसेप्टरचाच भाऊ आहे, मग मात्र सगळ्यांचे कान टवकारले.

सर, आम्हाला शिकवलंय की तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. मग ती बिघडली तर अळी लवकर मेली पाहिजे ना? जास्त कशी जगते? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या सिलॅबसमध्ये नाही.
— अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

बाळ, सिलॅबसमध्ये नाही म्हणूनच तुझं उत्तर सगळ्यात मोठं देतोय.

आधी तुझी शंका बरोबर आहे हे सांगतो, कारण तशाही अळ्या आहेत. जपानमध्ये इशी यांच्या गटाला १९९० मध्ये मेव्ह-१ नावाची म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली अळी, मिळाली, लवकर मरते, ऑक्सिजन वाढवला की अजून लवकर मरते. १९९८ मध्ये कळलं की तिचा बिघाड मायटोकॉन्ड्रियाच्या कॉम्प्लेक्स दोनमध्ये आहे. भाकरीतून आलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढं देत शेवटी ऑक्सिजनला सोपवायचे, असे चार टप्पे असतात, त्यातला हा दुसरा. तिथं गळती झाली, घातक ऑक्सिजन रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याची मोडतोड करणारे ऑक्सिजनचे रेणू, वाढले, अळी गेली. पुस्तकाप्रमाणे.

आता दुसरी बाजू. मॉन्ट्रियलमध्ये झिगफ्रीड हेकिमी यांच्याकडे क्लॉक-१ नावाची म्युटंट होती. हिचं सगळंच निवांत. वाढ हळू, गिळणं हळू, साधी अळी दर पाऊण मिनिटाला शौच करते (हो, हे मोजतात, स्टॉपवॉच लावून), हिला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि ही जास्त जगते. बिघाड कुठं, तर कोएन्झाइम क्यू तयार करणाऱ्या एन्झाइममध्ये, म्हणजे मेडिकलमध्ये कोक्यूटेन म्हणून जी महागडी गोळी मिळते तीच वस्तू मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन वाहून नेते. १९९६ मध्ये त्यांनी क्लॉक-१ आणि डॅफ-२ दोन्ही बिघडलेली अळी बनवली तर ती जवळजवळ पाचपट जगली. पाचपट! मग २००१ मध्ये आयएसपी-१, कॉम्प्लेक्स तीनमधल्या लोहवाल्या प्रोटीनमध्ये एकाच अक्षराची चूक, ऑक्सिजन कमी वापरते आणि आयुष्य दुपटीजवळ. पण हाच जीन पूर्ण उडवला तर अळी वाढतच नाही. म्हणजे अडलं पाहिजे, पण बंद पडता कामा नये.

हे किती अडवायचं तेसुद्धा तपासून झालंय. आरएनए इंटरफिअरन्स म्हणून एक युक्ती आहे, फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये शोधली, २००६ चं नोबेल मिळालं. त्यात जीन कापत नाहीत, रेडिओसारखा त्याचा आवाज कमी करतात, आणि अळीच्या बाबतीत तर नुसतं तसा आरएनए असलेला बॅक्टेरिया खायला घातला की काम होतं. २००७ मध्ये जॉन्सन यांच्याच गटानं हा बॅक्टेरिया साध्या बॅक्टेरियात मिसळून पातळ-घट्ट करून बघितला. फार पातळ असेल तर काहीच फरक नाही, मध्यम असेल तर आयुष्य वाढतं, घट्ट केला की अळी खुरटते आणि मरते.

आणि कधी अडवायचं? इथं मला सगळ्यात जास्त मजा वाटते. २००२ मध्ये अँड्र्यू डिलिन यांनी केनियन यांच्या लॅबमध्ये हीच युक्ती दोन वेळांना करून बघितली. पिल्लू असताना सुरुवात केली तर अळी बारकी राहते, हळू चालते आणि जास्त जगते. मोठी झाल्यावर सुरुवात केली तर ऊर्जा खाली येते, आयुष्य मात्र वाढत नाही. घरी नाहीतर पाहुण्यात कुणाची द्राक्षबाग असेल तर त्यांना विचार. घड किती येणार हे खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेच्या उन्हात काडीच्या डोळ्यात ठरतं, ऑक्टोबर छाटणी झाल्यावर कितीही खत घाला, डोळ्यात जे नाही ते बाहेर येत नाही. अळीचंही तसंच, लहानपणी कधीतरी पेशी ठरवून टाकते की आपले दिवस तंगीचे आहेत, आणि मग जन्मभर त्याच हिशोबानं राहते.

ठरवते कशी, त्याचं एक उत्तर असं. एटीएफएस-१ नावाचं एक प्रोटीन आहे, त्याच्या खिशात दोन पत्ते असतात, एक मायटोकॉन्ड्रियाचा आणि एक केंद्रकाचा. ऊस कारखान्याला घेऊन जाणारा ट्रॅक्टरवाला डोळ्यासमोर आण. सगळं सुरळीत असेल तर काटा करून आत जातो, गव्हाणीत माल ओततो, संपलं त्याचं काम, तसं हे प्रोटीन आत जातं आणि तिथंच मोडीत निघतं. पण मिल अडली, गेटवर रांग लागली, की हाच ट्रॅक्टरवाला आत न जाता सरळ ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटतो. एटीएफएस-१ केंद्रकात जातं आणि दुरुस्तीवाली प्रोटीनं बनवणारे जीन चालू करून घेतं. त्याहून विचित्र म्हणजे २०११ मध्ये डिलिन यांच्या गटानं फक्त मज्जापेशींमधला मायटोकॉन्ड्रिया अडवला तर आरडाओरडा आतड्यात सुरू झाला, आणि अळी जास्त जगली. सांगलीत मिल अडली आणि कऱ्हाडच्या ऑफिसात फायली हलल्या.

पण ही गोष्ट एवढीच म्हणून पाठ करू नकोस. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं की हा ऑफिसातला आरडाओरडा चालू केला म्हणून आयुष्य वाढतंच असं नाही, आणि काही अळ्यांत त्याच्याशिवायही वाढतं. भांडण मिटलेलं नाही. मला विचारशील तर ट्रॅक्टरवाला खरा आहे, पण तो एकटाच नाही. अकरावीत असा प्रश्न पडला म्हणजे तू बरी आहेस, मॅडमवर रागावू नकोस, त्यांनाही पोर्शन संपवायचा असतो.

वरच्या वाळव्याच्या शेतकऱ्यांचाच दुसरा मेसेज: दुकानदारानं फ्लुओपायरमवालं औषध ड्रिपमधून सोडायला सांगितलंय, ते म्हणे मायटोकॉन्ड्रियावरच काम करतं. मग डोस कमी पडला तर सूत्रकृमी दीर्घायुषी होणार का?

दादा, हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली. दुकानदार बरोबर बोलला. फ्लुओपायरम कॉम्प्लेक्स दोनच अडवतं, तेच जे मेव्ह-१ मध्ये बिघडलेलं असतं. आणि द्राक्षावर बुरशीसाठी मारतात ते ॲझॉक्सिस्ट्रोबिन कॉम्प्लेक्स तीन अडवतं, म्हणजे आयएसपी-१ चं घर, फक्त बुरशीचं.

पण कुठला टप्पा अडतोय यावर सगळं आहे. तीन आणि चार थोडे अडले तर सी. एलिगन्सचं आयुष्य वाढल्याचं परत परत दिसलंय, दोनमध्ये मेव्ह-१ सारखी गळती झाली तर घटतं. एक नंबर तर दोन्हीकडून बोलतो, न्यूओ-६ जीनमधला एक बिघाड आयुष्य वाढवतो आणि गॅस-१ मधला घटवतो. त्यामुळं तुमच्या सूत्रकृमीला वाढदिवसाचा केक लागेल असं मला वाटत नाही. खरी भीती वेगळीच आहे. कमी डोसात ज्या मरत नाहीत त्यांचीच पुढची पिढी येते. सी. एलिगन्सवर अशा औषधांचा मारा करून बघितला तेव्हा वाचलेल्या अळ्यांमध्ये कॉम्प्लेक्स दोनच्या जीनमध्येच बदल सापडले, कुलूप बदललं की किल्ली फिरत नाही. लेबलवर लिहिलंय तेवढंच सोडा, पाणी घालून वाढवू नका आणि दरवेळी तेच एक औषध नको.

माझ्या आजेसासूबाई ९७ व्या वर्षी गेल्या, त्यांच्या दोन्ही मुली नव्वदीच्या पुढं आहेत, मुलगे मात्र सत्तरीतच गेले. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो म्हणतात, मग दीर्घायुष्य आईकडूनच येतं असं धरायचं का? घरात यावरून वाद चालू आहे.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

ताई, वादात तुमची बाजू कुठली ते लिहिलं नाहीत, त्यामुळं बिनधास्त उत्तर देतो. आईकडून येतो हे खरं. वडिलांचे मायटोकॉन्ड्रिया शुक्रपेशीबरोबर अंड्यात शिरतात खरे, पण पेशी त्यांना धरून पचवून टाकते, सी. एलिगन्समध्ये हे २०११ मध्ये अगदी मायक्रोस्कोपखाली बघितलंय.

पण मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो एवढासा. माणसात ३७ जीन, त्यातले प्रोटीन बनवणारे १३. अळीत ३६, त्यातले १२. आत काम करणारी प्रोटीनं मात्र हजाराच्या वर, आणि बाकी सगळ्यांचे जीन केंद्रकात, म्हणजे आई-वडील दोघांकडून. वर क्लॉक-१, आयएसपी-१, मेव्ह-१ अशी नावं घेतली ना, ते तिन्ही केंद्रकातलेच. कारखाना आईच्या नावावर असला तरी कामगार दोन्ही घरचे आहेत.

राहिला माणसाचा हिशोब. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या नोंदींवरून १९९६ मध्ये काढलेला अंदाज असा की आयुष्याच्या लांबीतल्या फरकाचा साधारण एक चतुर्थांश भाग अनुवंशिक. आणि मुलगे लवकर गेले याला तंबाखू, बीपी, रस्त्यावरचे अपघात, नुसतं पुरुष असणं, अशी बरीच कारणं असू शकतात, बायका सगळीकडंच सरासरीनं जास्त जगतात. आणि एका बशीतल्या अळ्या, सगळ्यांचे जीन तेच, अन्न तेच, तापमान तेच, तरी एक बाराव्या दिवशी जाते आणि दुसरी पंचविसाव्या दिवसापर्यंत वळवळत असते. पुतणीच्या वहीत मी हे स्वतः बघितलंय. याला ती नशीब म्हणते, आणि ती देवाचं नाव घेणारी मुलगी नाही.

ओळखीतल्या एकांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा डबा गळ्यात मारलाय, मायटोकॉन्ड्रिया साफ होतो म्हणे. घेऊ का?
— एक वाचक, मिरज

चेन मार्केटिंगवाले दिसतायत. रॅडिकलमुळं म्हातारपण येतं ही कल्पना डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली, चांगली होती, पण अळीनं तिची बरीच गोची केली. रॅडिकल मारणारं एक एन्झाइम मायटोकॉन्ड्रियात असतं, त्याचा सॉड-२ जीन काढून टाकला तर अळी मरायला पाहिजे होती, ती उलट जास्त जगली. २००९ ची गोष्ट. पुढच्या वर्षी हेकिमी यांच्याच लॅबमध्ये पॅराक्वाट, हो, तणनाशक, जे रॅडिकल तयार करतं, ते अगदी कमी प्रमाणात दिलं तरी आयुष्य वाढलं. थोडा मार बसला की पेशी सावध होते, असा त्याचा अर्थ लावतात. (पॅराक्वाट माणसाला घोटभरही जीवघेणं आहे, हे वाक्य वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.)

माणसांवरचंही एक सांगतो. २००९ मध्येच जर्मनीत रिस्टो यांच्या गटानं चाळीसच्या आसपास तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन ई दिलं, ही दोन्ही अँटिऑक्सिडंटच, म्हणजे रॅडिकल मारणारी. व्यायामानं इन्सुलिन चांगलं काम करायला लागतं, तो फायदा गोळी न घेणाऱ्यांना झाला, घेणाऱ्यांना झाला नाही. अभ्यास छोटा आहे, डॉक्टरांनी कुणाला कारणासाठी व्हिटॅमिन दिलं असेल तर ते बंद करू नका. तुमचा डबा मात्र परत करता आला तर बघा. आणि हळदीबद्दल विचारू नका, मी सांगलीत राहतो, मला उद्या पेठेतून जायचंय.

अळीला साखर दिली तर काय होतं?
— एक वाचक, कऱ्हाड

कमी जगते. केनियन यांच्या लॅबमध्ये २००९ मध्ये अन्नात २ टक्के ग्लुकोज घातलं तर आयुष्य साधारण एक पंचमांश घटलं, आणि ते डॅफ-२ वाल्याच साखळीतून. ऊसपट्ट्यातून हा प्रश्न आला म्हणून छापतोय, बाकी चहा कसा घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं जास्त जगता येतं तर निसर्गात सगळ्याच अळ्या तशा का नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, विटा

गुरुजी, तुमचा प्रश्न छोटा आहे पण सगळ्या पत्रांत हाच मला पुरून उरला. आयएसपी-१ किंवा क्लॉक-१ वाली मोठी व्हायलाच उशीर लावते आणि पिल्लं कमी काढते. साधी अळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी घालायला लागलेली असते. डॅफ-२ वाली आणि साधी एकाच बशीत सोडून २००४ मध्ये शर्यत लावून बघितली, काही पिढ्यांतच डॅफ-२ वाल्या नाहीशा झाल्या, शंभरी गाठायची तयारी करेपर्यंत बशीच दुसऱ्यांनी खाऊन टाकली. लॅबमध्ये ती टिकते कारण माझ्या पुतणीसारखं कुणीतरी तिला रोज उचलून नव्या बशीत ठेवतं.

ही अळी घरी बघता येईल का? शाळेत मायक्रोस्कोप आहे.
— विज्ञान शिक्षिका, तासगाव

येईल, आणि वाळव्याच्या दादांनीही हे करावं. प्लॅस्टिकचं फनेल घ्या, खाली रबरी नळी, नळीला चिमटा. फनेलात जाळी, जाळीवर टिश्यू पेपर नाहीतर जुनं मलमल, त्यावर मूठभर कुजलेलं फळ, कंपोस्ट किंवा मुळाजवळची माती पुरचुंडी करून ठेवा, आणि पुरचुंडीचं बूड भिजेल एवढं पाणी भरा. रात्रभर तसंच ठेवा. सूत्रकृमी कापडातून पाण्यात उतरतात, त्यांना वर पोहता येत नाही, मग नळीच्या तळाशी गोळा होतात. सकाळी चिमटा सैल करून पहिले आठ-दहा थेंबच काचेवर घ्या.

१०० पट मोठं करून फक्त तोंड बघा. तोंडात टाचणीसारखा भाला दिसला तर ती बहुतेक झाडाची वैरी. भाला नाही आणि घशात एक गोळा सारखा उघडमीट करताना दिसला तर ती बॅक्टेरिया खाणारी. ती सी. एलिगन्सच असेल असं नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ आहेत. मुलांना म्हणावं, त्या गोळ्याची उघडमीट मिनिटाला किती होते ते मोजा, तरण्या अळीची दोनशेच्या वर जाते, म्हातारीची मोजता येण्याइतकी हळू असते. काचेवरचं पाणी दिव्याच्या उष्णतेनं वाळतं, कव्हर स्लिपच्या कडेला अधूनमधून एक थेंब सोडत राहा.